यांनी जमवलेले पॉइंट

आधी माफी मागते. माझं अक्षर वेडंवाकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही. चौथीनंतर शाळा सुटली. त्यानंतर लिहिलं ते फक्त गिऱ्हाइकांच्या साड्यांना लावायच्या चिठ्ठ्यांवर, म्हणजे कोणाची साडी आणि फॉल लावायचा की पिको करायचा, एवढंच. मुलीच्या ऑफिसातून मिळालेली डायरी कोरीच पडली होती. दुपारी मशीन बंद असतं तेव्हा तिच्यात लिहिते. हे कोणी वाचणार नाही, तरी माफी मागून ठेवलेली बरी.

माझे मिस्टर जरीपटक्याला कापडाच्या दुकानात सेल्समन होते. आम्ही राहतो हुडकेश्वरला, म्हणजे गावाच्या दुसऱ्या टोकाला. पण मोपेडवरून इतकं अंतर रोज कापून आलेला माणूस घरी येऊन कधी थकल्यासारखा बसला नाही. पाणी पिता पिता त्या दिवशीच्या गिऱ्हाइकांच्या गोष्टी सांगायचे. पुढे पुढे त्या गोष्टी साड्यांच्या राहिल्या नाहीत, कार्डांच्या झाल्या. कोणत्या बाईनं कोणतं कार्ड काढलं, त्याच्यावर तिला काय मिळतं, हे ते बिल बनता बनता विचारून घ्यायचे. बायकाही सांगायच्या. यांना कोणी काही सांगितलं नाही असं झालं नाही.

मुलीला सदर भागात नोकरी लागली आणि तिला बँकांचे फोन येऊ लागले. एका रविवारी यांनी तीन कार्डांचे छापील कागद पलंगावर पसरले, गिऱ्हाइकापुढे साड्या पसरतात तसे, एकावर एक थोडे सरकवून.

"हे पाह्य," ते मुलीला म्हणाले. "हे फुकट आहे, पण देत काहीच नाही. हे पेट्रोलवर देते. आपल्या घरी पेट्रोल पेते कोण, माही मोपेड. तिचा खुराक केवढा. अन् हे तिसरं. वर्षाची फी घेते, पण मोठ्या खरेदीवर दुप्पट पॉइंट. वर्षात ठरलेली खरेदी झाली का वरून बोनस."

"बाबा, आपण मोठी खरेदी करतो कुठं?"

"आपण नाही करत. लोक करतात ना."

मुलगी हसली. मीही हसले असेन.

"लोक आपल्याले रोख देतीन," ते म्हणाले. "दुकानदार कार्ड घेईन. बँक पॉइंट देईन. कोणाचं काय गेलं, सांग."

"तुम्ही बँकेतच पाहिजे होते."

"सूट काय असते मले माहीत आहे. आधी किंमत वाढवा, मंग सूट द्या. जिंदगी गेली त्याच्यात. पॉइंटाचं तसं नाही. ते वरून मिळते."

मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुले विमानानं बोधगयेले नेतो वं. दोघाईचं तिकीट पॉइंटावर."

मला विमानाची भीती वाटते असं मी म्हटलं. ते म्हणाले, खिडकीपाशी मीच बसतो, तू डोळे मिटून बस.

कार्ड मुलीच्या नावावर निघालं. त्यावर नंबर मात्र यांच्या मोबाईलचा दिला, कारण जाहिरातीच्या फोननं ती वैतागली होती.

त्या वर्षी आमच्या गल्लीत जे जे मोठं सामान आलं ते यांच्याबरोबर आलं. समोरच्या घरचा फ्रीज, कोपऱ्यावरच्या घरचा एसी, मास्तरांच्या घरचं कपडे धुवायचं मशीन. हे सुट्टीच्या दिवशी लोकांबरोबर दुकानात जायचे, भाव करायचे, कार्ड लावायचे आणि टेम्पोत ड्रायव्हरच्या बाजूला बसून यायचे. लोक रोख आणून द्यायचे. ती बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात जायची आणि तारखेच्या आधी हे ती मुलीच्या खात्यात भरून यायचे. एकदाही चूक झाली नाही. आमच्या स्वतःच्या फ्रीजचं दार तेव्हाही लागत नव्हतं, मी ते फॉलच्या पट्टीनं बांधून ठेवायची. यांना म्हटलं तर म्हणायचे, आपला घेऊ, पण बोनसचं पुढचं वर्ष लागू दे, तेव्हा घेतला तर फायदा.

मग समोरच्या घरच्या मुलीचं लग्न ठरलं. आंदणाचं सगळं सामान त्यांनी आमच्याच कार्डावर घेतलं. पलंग, आलमारी, सोफा, टीव्ही, फ्रीज. समोरच्या वहिनींनी पदराखालून पैशांचं पुडकं आणून यांच्या हातात दिलं. त्या दिवशी मी यांना इतकं खूष पाहिलं की मुलगी आमचीच निघाली आहे असं कोणालाही वाटलं असतं. बोनस मिळाला होता.

त्याच आठवड्यात खोकला वाढला. आधी कापडाच्या धुळीनं असेल म्हणाले. मग दवाखान्यात भरती करावं लागलं. फुप्फुसाचं होतं. पैसे लागले तेव्हा यांनी मला डबा आणायला सांगितला. मी विचारलं, हे कोणाचे? "आपलेच आहेत," ते म्हणाले, आणि मी डबा दिला. मुलीला पलंगावरून एक आकडा सांगितला, कार्डाचे एवढे भर, बाकीचं मी पाहतो. आकडा लहान होता. ती ऑफिस आणि दवाखाना यांच्यामध्ये धावत होती. तिनं बिल उघडून न पाहता भरला. पुढच्या महिन्यातही तसंच झालं. कमीत कमी एवढे तरी भरा असं बँक कळवते, तो आकडा होता तो. बाकीच्यावर व्याज चढत होतं. यांना ते माहीत नव्हतं की माहीत असून बोलले नाहीत, हे मी आजपर्यंत ठरवू शकले नाही.

ते घरी परत आले नाहीत.

हे गेल्यानंतर, पुण्यानुमोदनाच्या दिवशी घर पांढऱ्या कपड्यांतल्या माणसांनी भरलं होतं. भंतेजींची वंदना चालू होती आणि यांचा मोबाईल शेल्फवर वाजला. मेसेजचा आवाज. सगळ्यांनी तिकडे पाहिलं. तो बंद करावा असं कोणाच्या मनात आलं नाही, माझ्याही नाही. नंतर मी तो रोज चार्जिंगला लावत राहिले. इंग्रजी मला वाचता येत नाही. आकडे वाचता येतात, आणि मुलीचं नाव ओळखू येतं. दर थोड्या दिवसांनी तिचं नाव यायचं आणि त्याखाली एक आकडा असायचा. आकडा मागच्यापेक्षा मोठा असायचा.

मग फोन येऊ लागले. मी अनोळखी माणसाशी बोलत नाही. भाजीवाल्याशीही मोजकंच बोलते. पण यांचा फोन वाजतोय आणि उचलायचा नाही, हे जमेना. बँकेतली एक मुलगी बोलायची, अर्धं हिंदी, अर्धं मराठी. यांच्याशी तिचं आधी बोलणं झालं असावं, कारण ती म्हणायची, काकांनी सांगितलं होतं की पंधरा तारखेपर्यंत करतो, काका आहेत का.

"ते घरी नाहीत," मी म्हणायची.

"कधी येतील?"

"सांगता येत नाही."

ती म्हणायची, ठीक आहे मावशी, आले की सांगा. मी हो म्हणायची. फोन ठेवल्यावर थोडा वेळ खरंच असं वाटायचं की ते जरीपटक्याहून निघाले असतील.

एका रविवारी तो फोन मुलीनं उचलला. ती बराच वेळ ऐकत होती. मग तिनं आपल्या मोबाईलवर काहीतरी उघडलं आणि माझ्यासमोर बसली.

"आई, डब्यातले पैसे कुठं आहेत?"

"दवाखान्यात लागले."

"कोणाचे होते ते? समोरच्या काकूंचे होते ना? आंदणाचे?"

तेव्हा मलाही कळलं.

तिनं आकडा सांगितला. मी तो इथे लिहीत नाही. ती एरवी ऑफिसातलं मराठी बोलते, पण त्या दिवशी तिच्या तोंडात यांची भाषा आली. "तुह्या नवऱ्यानं माह्या नावावर लोकाईले आंदण देल्लं, आई. अन् मले सांगतलंसुद्धा नाही."

त्या दिवसापासून तिनं बाबा हा शब्द सोडला. बोलायची वेळ आली तर 'त्यांनी' म्हणायची. त्यांचा चष्मा, त्यांची औषधं, त्यांची मोपेड विकून टाकू. समोरच्या घरचे लोक त्यांची आठवण काढायला लागले की ती उठून आत जायची. मला पैशांची भीती नव्हती. मशीन आहे, हात आहेत. ही पोरगी आपल्या बापाला जन्मभरासाठी टाकून देईल, ही भीती होती. पैसे फिटले नाहीत तर ते होणारच होतं. पैसे फिटल्यावरही होणार नाही असं कोणी सांगितलं होतं?

तिनं बँकेत जाऊन बोलून सगळ्याचे हप्ते करून घेतले. फोन बंद झाले. मी फॉल-पिकोची कामं वाढवली, साड्यांना गोंडे लावू लागले. महिन्याला जे जमेल ते तिच्या हातात द्यायची. ती मोजून ठेवून द्यायची.

आणि हे गल्लीभर राहिले. दुसऱ्या कोणत्या शब्दांत सांगू ते कळत नाही. दुपारी कोपऱ्यावरचा एसी सुरू झाला की त्याचं पाणी नळीतून आमच्या भिंतीपाशी टपकतं. मास्तरांच्या घरचं मशीन कपडे झाले की एक गाणं वाजवतं, आणि मी हातातली साडी ठेवून दाराकडे बघते. समोरच्या घरी गेले आणि वहिनींनी फ्रीज उघडला तर आतल्या उजेडात मला वाटायचं की हे तिथेच कुठेतरी मागे उभे आहेत आणि दार नीट लागतं की नाही ते बघताहेत. त्यांनी कार्डावर आणलेली वस्तू आमच्या घरी एकही नव्हती, आणि लोकांच्या घरून त्यांचा आवाज येत होता. मी जायचं कमी केलं. वाण्याकडेही लांबच्या रस्त्यानं जायला लागले.

एकदा समोरच्या वहिनी स्वतःच आल्या. साडीला फॉल लावायचा होता.

"काहून येत नाही वं तू आता? आमच्या घरी काही भूत आहे काय?"

मी हसल्यासारखं केलं.

"ते कार्ड आहे का अजून? मायक्रोवेव्ह घेतो म्हणतो. तुमचे पॉइंट होतीन."

"बंद केलं," मी खोटंच म्हटलं.

"भाऊ असते तर हो म्हटले असते. आमचा फ्रीज आणला तं मले म्हणे, वहिनी, तुम्ही थंड पाणी पेजा, आम्ही विमानात बसतो." त्या हसल्या, मग डोळे पुसले. "बसले काय वं भाऊ. आमच्यासाठीच खपले."

मुलगी आतल्या खोलीत होती. तिला ऐकू गेलं असणार. ती बाहेर आली नाही, पण नेहमीसारखं दारही लोटून घेतलं नाही.

दोन उन्हाळे असे गेले. परवा दुपारी तिला सुट्टी होती. कूलर चालू होता, मी ब्लाउजला हूक लावत होते. ती मोबाईल घेऊन माझ्याजवळ येऊन बसली.

"शेवटचा हप्ता आहे. आजच पूर्ण भरून टाकते."

"भर."

ती काही दाबेना. मग म्हणाली, "पॉइंट पाहिले मी. कधी उघडलंच नव्हतं ते." तिनं मला आकडा दाखवला. खूप मोठा होता. "हे बिलात वळते करता येतात. चार पॉइंटचा एक रुपया."

"चाराचा एक?"

"हो. बाबाला वाटायचं एकाचा एक. त्याच हिशोबानं तिकिटं धरली होती त्यानं." ती थोडं हसली. "आयुष्यभर लोकांना सूट लावली, अन् स्वतःच फसला."

बाबा हा शब्द या घरात किती दिवसांनी आला. मी हुकाकडेच बघत राहिले. वर बघितलं असतं तर ती थांबली असती.

"मग वळते करून टाक," मी म्हटलं. "तुझे तेवढे वाचतील."

"हे गेले की त्यात काहीच उरणार नाही, आई. हे एवढंच त्याचं आहे. बाकी सगळं तर..." तिनं हातानं बाहेर दाखवलं, समोरचं घर, कोपरा, मास्तरांकडे. "मी पगारातून भरते. हे राहू दे."

"ठेवून काय करशील?"

"काही नाही. राहू दे फक्त."

मी तिच्याशी सहसा वाद घालत नाही. पण या वेळी म्हटलं, "त्यांनी ते ठेवायला नव्हते जमवले, बाई. वापरायला जमवले होते. वापर."

तिनं मोबाईल माझ्यासमोर केला. "तू दाब. मले नाही जमत."

कुठे दाबायचं ते तिनं दाखवलं. सुईनं टोकं घट्ट झालेली माझी बोटं काचेला कळत नाहीत. एकदा दाबलं, काही झालं नाही. बोट पदराला पुसलं, पुन्हा दाबलं. मोठा आकडा गेला आणि शून्य आलं. बिलातून थोडे कमी झाले. फार नाही. उरलेले तिनं आपल्या खात्यातून भरले, आणि शेल्फवर यांचा मोबाईल वाजला.

तिनं उठून तो मेसेज वाचला आणि मला मराठीत सांगितला. पूर्ण रक्कम मिळाली आहे. आता काही देणं नाही.