शनिवारची साखर

खांबावरचा मुंगळा ती अंगठ्यानं चिरडायची आणि त्याला म्हणायची, "जाय, सांग तिकडं." तिकडं म्हणजे कुठं, ते तिनं कधी सांगितलं नाही. अंगठा लुगड्याला पुसून ती पुन्हा मेथीच्या जुड्या बांधायला लागायची.

आदिलाबादच्या बाजारात आमचं मराठी वाचनालय आहे. निजामाच्या काळची दुमजली इमारत, सगळं काम सागवानी. वर पुस्तकं, रस्त्याच्या अंगाला लाकडी गॅलरी, आणि गॅलरीच्या सावलीत खाली तिचं भाजीचं दुकान. मी तिथला ग्रंथपाल. तुमच्याही गावात अशी एखादी बाई असेल, जिच्याशी घासाघीस करायला लोक कचरतात. जवळच्या मावला गावातल्या मळ्यातून ती पहाटे भाजी आणायची आणि कोथिंबीर फुकट मागणाऱ्याला विचारायची, "काऊन, घरी लगन हाय का तुमच्या?"

नवरा तिच्यासोबतच यायचा. टोपल्या उतरवून दिल्या की वर गॅलरीत पेपर वाचत बसायचा आणि एखादी बातमी आवडली की कठड्यावरून वाकून तिला सांगायचा. ती वर न बघता नुसतं "असं?" म्हणायची. सगळ्या बाजारादेखत चाललेला तो संसार होता.

एका दुपारी तो बातमी सांगायला उठला आणि गॅलरीची तुळई मोडली. तो तिच्या टोपल्यांशेजारी येऊन पडला. दवाखान्यात नेईपर्यंत संपला होता.

मोडलेली तुळई मी हातात घेऊन पाहिली. बाहेरून काळीभोर, गुळगुळीत. आत नुसत्या खोल्या. मुंगळ्यांनी पोखरून पोखरून त्यात घरं केली होती. ज्या खांबावर ती तुळई टेकली होती, त्याच्याच पायथ्याशी दर शनिवारी एक शेठ मुंगळ्यांना पीठ-साखर घालायचे. त्यांचं किराणा दुकान होतं आणि वाचनालयाच्या कमिटीतही ते होते. कधीकाळी ज्योतिषानं त्यांना शनीच्या पीडेवर काळ्या मुंगळ्यांना खाऊ घालायला सांगितलं होतं. पीडा गेली, पण साखर चालूच राहिली.

शोकसभेत शेठ म्हणाले, "जुनं लाकूड होतं. कोणाचा दोष नाही." ती मागं भिंतीशी बसली होती. तिनं पदर सारखा केला आणि उठून गेली.

तेरावं झाल्यावर ती पुन्हा त्याच जागी येऊन बसली. जागा बदल म्हणून सगळ्यांनी सांगून पाहिलं; तिनं ऐकलं नाही. आधी तिनं शेठना नीट विनवलं, तुमचं पुण्य दुसरीकडे करा. शेठ गोड हसले. पोट भरलेला चोरी करत नाही, मी साखर घालतो म्हणूनच ते लाकडाला तोंड लावत नाहीत, असं त्यांनी तिला समजावलं. मी कमिटीकडे दरखास्त दिली. त्या अर्जावर विचार करायला शेठच बसले होते.

मग तिनं रॉकेल ओतलं, उकळतं पाणी ओतलं, हळद भरली. मुंगळे एका खांबातून दुसऱ्या खांबात बिऱ्हाड हलवायचे आणि तिथून नवा भुसा पाडायचे.

मला लढाया येत नाहीत, पुस्तकं येतात. कपाटातलं एक जुनं पुस्तक घेऊन मी खाली गेलो आणि तिला वाचून दाखवलं. मुंगळे लाकूड खात नाहीत, लाकडात राहतात. बाहेर दिसतात ते कामकरी. ते कितीही मारले तरी आतली राणी नवे जन्माला घालते. जहाल विष दारातच मारतं. पण गोडात थोडा टाकणखार, म्हणजे बोरॅक्स, मिसळला तर तो सावकाश मारतो, आणि तेवढ्या वेळात कामकरी तो घास घरी नेऊन सगळ्यांना भरवतात.

"राणी म्हंजे त्यायची माय?" तिनं विचारलं.

"हो."

"तिलेही थेच भरवतात?"

"तेच."

जुडी बांधणारे हात थांबले. "मंग थे शेठच्या हातानंच जाऊ द्या," ती म्हणाली.

पुढच्या शनिवारी तिनं शेठपुढं हात जोडले. आपलं चुकलं, बुढा गेला, त्याच्या नावानं आपल्यालाही थोडं पुण्य लागतं, असं म्हणाली. "पीठ मी भाजून आणीन. साखर तुमची, हात तुमचा." शेठना भरून आलं. बाईला उपरती झाली, हे त्यांनी दुकानात येईल त्या गिऱ्हाइकाला सांगितलं.

दर शनिवारी ती ज्वारीचं पीठ तुपात भाजून आणायची. सोनारांच्या गल्लीतून आणलेला टाकणखार त्यात आधीच बारीक करून घातलेला असायचा. शेठ वरून साखर टाकत, डोळे मिटत, आणि चिमटी चिमटीनं खांबाशी सोडत. ती गुडघ्यावर हनुवटी ठेवून बघत राहायची. इतक्या भक्तीनं बसलेलं माणूस मी देवळातही पाहिलेलं नाही.

हळूहळू रांग विरळ झाली. भुसा पडायचा थांबला. शेठ बेचैन झाले. त्यांनी साखर बदलली, खडीसाखर कुटून आणली, गुडीहत्नूरला जाऊन ज्योतिषाला विचारून आले. आणि एका शनिवारी वाटी पुढ्यात घेऊन ते उन्हं वर येईपर्यंत बसले. एकही मुंगळा आला नाही.

"उठा, शेठ," ती म्हणाली. "येत नाईत थे आता. मेले. तुमच्याच हातचं खाऊन मेले." पिठात काय होतं तेही तिनं सांगितलं.

शेठनी वाटी बाजूला सारली. "काऊन केलं असं, बाई?"

"माहा बुढा मेला तवा जुनं लाकूड होतं. आता म्हना, जुने मुंगळे होते."

बाजारात कोणी हसलं नाही. मी वर खिडकीत उभा होतो. मला हसू आलं आणि मी ते दाबलं नाही.

शेठनी कमिटी सोडली. नार्नूरच्या सुताराकडून आम्ही नव्या तुळया बसवून घेतल्या, जिनाही नवा केला. ती आपल्या जागी बसत राहिली. कधी कधी मला विचारायची, आज पेपरात काय हाय. मी खाली जाऊन सांगायचो. वरून सांगायचं नाही, असं तिनं बजावलं होतं.

या हिवाळ्यात तिनं अंथरूण धरलं. मी मावल्याला तिच्या घरी भेटायला गेलो तेव्हा तिनं सगळ्यात आधी मुंगळ्यांचंच विचारलं. नाहीत, मी म्हणालो.

"अन् शेठ?"

"आहेत."

"तेवढा राह्यला," ती म्हणाली आणि भिंतीकडे वळली. त्यानंतर आमचं बोलणं झालं नाही.

तिची राख थंड झाल्यावर शेठ वाचनालयात आले. आता त्यांच्या हातात काठी आहे. धापा टाकत वर चढले आणि माझ्या टेबलासमोर बसले.

"सर, जाताना काही बोलली का? मले माफ केलं का तिनं?"

हो म्हणायला मला काही लागलं नसतं. म्हातारा माणूस, काठी टेकत आलेला.

"नाही," मी म्हणालो. "माफ केलं नाही."

मी आणखी काही बोलेन म्हणून ते थांबले. मी रजिस्टर पुढं ओढलं. ते उठले आणि उतरायला लागले. प्रत्येक पायरी आधी काठीनं ठोकून पाहत, मगच पाय टाकत. पायऱ्या नव्या आहेत, पक्क्या आहेत, हे मी त्यांना सांगितलं नाही.