छायाचित्रातली कमान

नोकरीतली बरीचशी प्रकरणं आता डोक्यात एकमेकांत मिसळून गेली आहेत. कोणता आरोपी कोणत्या ठाण्यातला, हे माझं मलाच सांगता येत नाही. पण देवासच्या बाजारातून धरून आणलेला तो शेतकरी आणि त्याचं बोट न सोडणारी ती मुलगी मात्र काल पाहिल्यासारखी आठवतात.

संस्थानं विलीन होऊन मध्य भारत राज्य झालं होतं. देवासची थोरली पाती आणि धाकटी पाती, म्हणजे एकाच गावात नांदलेली दोन संस्थानं. दोन्हीकडचे पोलीस आता एकाच ठाण्यात बसत होते. मी तिथं सब-इन्स्पेक्टर होतो. एका सकाळी हजेरी संपत आली असताना बाजारातला एक कापडदुकानदार धापा टाकत आला.

"साहेब, एक खेडूत लहान पोरीला घेऊन फिरतोय. तो बोलतो मालवी, पोरगी बोलते आपल्यासारखी मराठी. हातात जुना फोटो आहे. तो दाखवून विचारतोय, ये किसके घर की है? मला तर पोरं पळवणारा वाटतो. चला लवकर, लोक जमलेत."

आम्ही पोचेपर्यंत लोकांनी त्याला चार तडाखे दिले होते. फेटा धुळीत पडला होता. मुलगी त्याच्या पायाला मिठी मारून रडत होती. गर्दी पांगवून दोघांना ठाण्यात आणलं आणि रोजनामच्यात नोंद केली.

मुलगी पाचेक वर्षांची असेल. तिला गूळ-चणे देऊन मी जवळ बसवलं.

"नाव काय बाळ तुझं?"

"चिमी."

"आणि बाबांचं?"

"बाबा."

"राहायचीस कुठं?"

"घरी."

"आई कुठं आहे?"

"आई झोपली. मग उठलीच नाही."

आमच्या जमादारानं माझ्याकडं पाहिलं. अपहरणाचं प्रकरण बघता बघता खुनाकडं झुकायला लागलं होतं.

शेतकरी पीपलरावां नावाच्या खेड्यातला. त्याचं म्हणणं असं की, थंडीत एक बाई मुलीला घेऊन गावाजवळ मोटारीतून उतरली. अंगात ताप भरलेला, बसवत नव्हतं म्हणून मोटारवाल्यानं उतरवलं होतं. यानं बैलगाडीत घालून तिला घरी नेलं. वैद्याचं औषध दिलं. बाई शुद्धीवर अशी आलीच नाही. दोन-तीन दिवसांत गेली. गावानं मिळून दहन केलं.

"मग ठाण्यात वर्दी का दिली नाहीस?"

मी तोच प्रश्न फिरवून फिरवून विचारला. खोटं बोलणाऱ्याकडं या प्रश्नाचं उत्तर तयार असतं, हे मी तोवर शिकलो होतो. याच्याकडं नव्हतं. खाली बघत, अडखळत तो म्हणाला, "साब, म्हारी घरवाळी ने छोरी के छाती से लगई ली थी. हमारे बाल-बच्चो नी हे. म्हने सोच्यो, आज नी, काल कई दांगा."

आज नको, उद्या सांगू, असं म्हणत महिने गेले होते.

"मग आता का आलास?"

"छोरी नींद में मामा-मामा करे. म्हारा से देख्यो नी ग्यो."

देवासात मराठी घरं पुष्कळ, कुणीतरी ओळखेल, म्हणून बाईच्या सामानातला फोटो घेऊन तो निघाला होता. बायकोला शेतावर जातो म्हणून सांगून.

जमादार म्हणाला, "साहेब, गोष्ट छान रचलीय. गिऱ्हाईक शोधत असणार."

त्याचा संशय अगदीच गैर नव्हता. मी त्यालाच पीपलरावां गावी पाठवलं. गावचा पटेल आणि वैद्य, दोघांनीही तीच हकीकत सांगितली. शेतकऱ्याच्या बायकोनं मेलेल्या बाईचं गाठोडं काढून दिलं. लुगडी धुऊन, घडी घालून ठेवली होती.

"पण साहेब, दागिना एकही नाही," जमादार परत येऊन म्हणाला. "गळ्यात मंगळसूत्रसुद्धा नव्हतं म्हणतात. ते गेलं कुठं? गाव एकमेकांना सांभाळून घेणारच."

मॅजिस्ट्रेटसाहेबांनी थोड्या दिवसांचाच रिमांड दिला. तेवढ्यात मुलीचे नातेवाईक सापडले नाहीत तर तिची रवानगी इंदूरच्या अनाथाश्रमात, आणि शेतकऱ्यावर अपहरणाचं आरोपपत्र. गावात वातावरण तापलं होतं. गर्दीला आरोपी मिळाला होता.

हातात होता तो एकच फोटो. पगडीतला एक गृहस्थ, नऊवारीतली त्याची बायको, भाऊ-बहीण असावीत अशी दोन मुलं. परकर-पोलक्यातल्या मुलीवर चिमी बोट ठेवायची, "ही आई." म्हणजे फोटो वीसेक वर्षांपूर्वीचा. मागं मोठी थोरली दगडी कमान, खांबांवर कमळं कोरलेली आणि वर 'श्रीमंत महाराज' एवढीच अक्षरं. पुढचा भाग फोटोत आला नव्हता. फोटोच्या पाठीवर काही नाही. देवासची मराठी घरं मी पालथी घातली. ती माणसं कुणी ओळखेना, कमानही ओळखेना.

शेवटी एका निवृत्त मास्तरांकडं गेलो. शाळेत त्यांनी इतिहास शिकवला होता आणि आता देवास आणि धारच्या पवारांच्या राज्यांची माहिती गोळा करत होते. भिंग लावून त्यांनी फोटो पाहिला.

"हे देवास नव्हे."

"कशावरून?"

"अहो, आपल्याकडं कमान उभारली की कोणत्या पातीची ते आधी लिहायचे. नुसतं महाराज लिहिलं तर दुसऱ्या पातीनं रुसून बसायचं! आणि मागं बघा, ताडांची रांग. वर माळव्यात असे ताड कुठं दिसतात? हे घाटाखालचं, निमाडाच्या अंगाचं गाव."

"निमाड तर होळकरांचंही होतं."

"पगडी होळकरशाही नाही. मला धारच्या दरबारातली वाटते. चला, आपण धारला जाऊ. मी येतो."

साठी उलटलेला माणूस, पण लगेच पिशवी भरून निघाला. धारमध्ये आम्ही दरबारातल्या जुन्या लोकांना भेटलो. सगळ्यांचं एकच उत्तर, धार संस्थानात घाटाखाली अशी दगडी कमान कधी नव्हतीच. रिमांडची मुदत संपत आली होती. संस्थानच्या एका निवृत्त अंमलदारांच्या ओसरीवर आम्ही हताश बसलो होतो. मास्तर आपले पुन्हा फोटोला भिंग लावून बसलेले. एकाएकी ते हसायला लागले.

"साहेब, वाऱ्यानं दगड कधी फुगतो का?"

मी वाकून पाहिलं. डावीकडचा खांब खरोखरच मधोमध फुगला होता, वारा भरलेल्या शिडासारखा. आणि खाली, कमळाच्या पाकळीजवळ, बांबूचं टोक बाहेर आलं होतं. ती कमान दगडाची नव्हतीच. रंगवलेल्या कापडाची होती! समारंभापुरती उभारलेली कमान आम्ही गावोगाव दगडात शोधत होतो.

अंमलदारांनी फोटो जवळजवळ हिसकावून घेतला. "अरे, ही तर कुक्षीची! महाराजांची स्वारी कुक्षीला गेली होती, तेव्हा कचेरीसमोर उभारली होती. चितारी इथूनच नेले होते. बंदोबस्ताला मीच होतो. फोटोग्राफर आलाय म्हटल्यावर कचेरीतल्या मंडळींनी बायकापोरांना आणून फोटो काढून घेतले."

दुसऱ्या दिवशी आम्ही कुक्षीत होतो. फोटोतली कमान मनातून काढून टाकली, तर उरत होता एक पायऱ्यांचा ओटा आणि त्यामागचे ताड. कचेरीसमोर ओटा तसाच होता. ताड थोडे कमी झाले होते. कचेरीतल्या एका वृद्धानं पगडीवाल्याला पाहताक्षणी ओळखलं. कचेरीतलेच कारकून, वारून बरीच वर्षं झाली होती. मुलगा तिथल्याच शाळेत शिक्षक होता.

त्याला वर्गातून बाहेर बोलावून मी काही न बोलता फोटो हातात दिला. फोटोवर नजर पडताच त्यानं माझा हात धरला.

"हा कुठं मिळाला? हा ताईकडं होता. ताई कुठं आहे? आणि चिमी?"

मी मुलीचं नाव अजून उच्चारलंही नव्हतं. याहून पक्का पुरावा मला नको होता. पण आता त्याला बहिणीचं सांगायचं होतं. वाईट बातम्या सांगण्याची पोलिसाला सवय होते असं लोक समजतात. होत नाही.

तिचा नवरा भोपाळकडं नोकरीला होता, तो आदल्या पावसाळ्यात वारला. भावानं आग्रह करून तिला कायमची माहेरी बोलावली होती. ती आली नाही, तेव्हा हा तिच्या गावी गेला. ती केव्हाच निघाली, एवढंच कळलं. मोटारीचे अड्डे, इस्पितळं, धर्मशाळा, सगळं शोधून तो थकला होता. मंगळसूत्र का नव्हतं, तेही उलगडलं.

तो आणि त्याची बायको आमच्याबरोबरच देवासला आले. चिमीला सांभाळायला गावाहून आलेली शेतकऱ्याची बायको ठाण्याच्या व्हरांड्यात तिला मांडीवर घेऊन बसली होती. मुलीनं मामाकडं जरा वेळ टक लावून पाहिलं. मग उठली, त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"मामा, आई नाही आली."

"हो गं राणी. तू आलीस ना." त्यानं तिला उचललं.

मी शेतकऱ्याला कोठडीतून बाहेर आणवलं. शिक्षकानं विचारलं, "अग्नि किसने दी, भिया?"

"म्हने." त्यानं स्वतःकडं बोट दाखवलं.

शिक्षक वाकला आणि त्याच्या पायाला हात लावला. शेतकरी घाबरून मागं सरला. "आपने मेरी बहन को रस्ते पर नहीं छोडा," शिक्षक म्हणाला. मग माझ्याकडं वळून, "साहेब, माझी यांच्याविरुद्ध काही तक्रार नाही. लिहून देतो."

जमादारानं त्या फेट्याची धूळ झटकून ठेवली होती. तो त्यानं पुढं केला.

शेतकऱ्याची बायको मात्र चिमीचे परकर एकेक करून बांधत होती. मामी तिच्याजवळ बसली. "बाई, आप भी चलो कुक्षी. थोडे दिन रहो. उसको एकदम से मत तोडो." आणि खरोखरच ती सगळी एकाच मोटारीनं गेली. चिमी दोघींच्या मध्ये.

या प्रकरणानं मला एक शिकवलं. लपवणाऱ्याच्या मनात पाप असतंच असं नाही. कधी माया असते, आणि तिचीही त्याला गुन्ह्याइतकीच लाज वाटत असते. चौकशीत हे दोन्ही सारखेच दिसतात. तोच अडखळता स्वर, तीच खाली गेलेली नजर. पुढं कित्येक आरोपींसमोर बसताना मी घाई करायची टाळली ती त्या शेतकऱ्यामुळं.

मोटार गेल्यावर मी टेबलाशी बसून अंतिम अहवाल लिहिला. 'गुन्हा घडल्याचे दिसून येत नाही.' नेहमीचंच कोरडं वाक्य. त्या दिवशी मी ते अगदी वळणदार अक्षरात लिहिलं, खाली सही केली आणि कित्येक दिवसांनी वेळेवर घरी जेवायला गेलो.