घर बंद

आमच्या पालिकेचा चपराशी सभेच्या नोटिसा घरोघर पोचवायचा. आमचं गाव लहान, बुऱ्हाणपूरच्या पलीकडचं. कुणी काही विचारलं की तो "देखो बाबूजी" म्हणायचा आणि मग बराच वेळ गप्प राहायचा, जणू पुढचं बोलायचा त्याला कंटाळा आलाय.

आमचे कागद नागपूरऐवजी भोपाळला जायला लागले, त्या वर्षी अध्यक्षांचे दोन सदस्य फुटले. बहुमत गेलं, तरी ते खुर्ची सोडेनात. अविश्वास ठरावाची सभा लागली. एका जरी सदस्याला नोटीस मिळाली नसती, तरी सभा रद्द झाली असती. अध्यक्षांनी चपराशाला आणि मला बोलावलं. "मळ्यातला तो सदस्य भेटला नाही, असं लिहून टाका." मी कारकून माणूस, वहीत 'घर बंद' लिहून मोकळा झालो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चपराशी चिखलाच्या पायांनी आला. दिवसभर केळीच्या बागेत त्या सदस्याची वाट बघत बसला होता. सहीची पोच त्यानं माझ्यापुढे ठेवली. "देखो बाबूजी," आणि बऱ्याच वेळानं, "घर उघडंच होतं." मी नोंद खोडली.

सभा झाली, अध्यक्ष पडले. नव्या अध्यक्षांचंही बहुमत वर्षभरात गेलं, आणि त्यांनीही आम्हाला बोलावून तेच सांगितलं. आवाजसुद्धा तसाच दमलेला.

बाहेर आल्यावर चपराशानं नोटिसा पिशवीत भरल्या, मग माझ्या टेबलावरची वहीही उचलली.

"देखो बाबूजी," तो म्हणाला. मी थांबलो. "वही बी सोबत नेतो. सही झाली की मगच लिहू."

मी खिशातलं पेनही काढून दिलं.