सासूबाईंची पाण्याची गोळी

नोकरीतल्या बऱ्याच घटना आता धूसर झाल्या आहेत, पण त्या सुनेची चौकशी मला आजही जशीच्या तशी आठवते.

तेव्हा मी नांदेड जिल्ह्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. सकाळची हजेरी आटोपत होती, तोच ठाणे अंमलदारानं फोन माझ्या हातात दिला. पलीकडे एक बाई रडत होती. "साहेब, वहिनी माझ्या मायच्या जिवावर उठलीय. मायच्या गोळ्या तिच्या पिशवीत घावल्या मला!"

हकीकत अशी होती. रेणापूरकडचं एक शेतकरी कुटुंब धर्माबादला लग्नासाठी आलं होतं. सासूबाईंना रक्तदाब आणि हृदयाचा त्रास. अंगात पाणी साचू नये म्हणून त्यांना रोज लघवी होण्याची गोळी असे. मांडवातच त्यांना धाप लागली, पाय तर आधीच सुजले होते. नांदेडच्या दवाखान्यात हलवलं, तेव्हा गोळी बंद झाल्यानं फुप्फुसात पाणी साचल्याचं डॉक्टरांनी सांगितलं. गोळ्या द्यायचं काम सुनेचं. नणंद अटकेसाठी अडून बसली आणि सासूबाई जबाब देण्याच्या स्थितीत नव्हत्या. सुनेची पोर अजून अंगावर पीत होती. अटक झाली असती तर त्या लेकराचे हाल कुत्र्यानं खाल्ले नसते.

सुनेला ठाण्यात बोलावून, महिला शिपायाला सोबत बसवून मी चौकशी सुरू केली.

"गोळ्या दिल्या का?"

"न्हाई दिल्या."

"का?"

खोटं बोलणारा माणूस भराभर बोलतो, हा माझा अनुभव. ही बाई पुढं बोलायलाच तयार नाही. पाण्याचा ग्लास पुन्हा पुन्हा पुढे केला, तर त्याला शिवलीसुद्धा नाही. माझं डोकं फिरलं. "पाणीसुद्धा नको? एवढा कसला ताठा?"

महिला शिपाई हळूच म्हणाली, "साहेब, तिनं मघाशीच इचारलं, आपल्याकडचं बायांचं संडास बंद हाय. बंदोबस्ताला आमीबी पाणी टाळतो."

मी त्या भरलेल्या ग्लासाकडे पाहिलं आणि एकदम उमगलं. आवाज खाली आणून विचारलं, "गोळी सासूबाईंनीच सोडली ना? प्रवासात सारखं जावं लागू नये म्हणून?"

ती ढसाढसा रडायला लागली. मागे एका लग्नाला जाताना एसटी वाटेत कुठे थांबली नव्हती आणि सासूबाईंचं लुगडं भरल्या गाडीत भिजलं होतं. म्हणून या वेळी निघायच्या आधीपासूनच त्यांनी गोळी बंद केली होती.

"आत्याबाईंनी माझ्या पोरीची आन घातली, साहेब. कुनाला बोलायचं न्हाई म्हनल्या. म्या लई समजावलं, ऐकल्या न्हाईत."

माझा विश्वास बसला, पण पुरावा काहीच नव्हता. सूर्य मावळायच्या आत तिला नवऱ्यासोबत पाठवून दिलं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी परवानगी देताच मी दवाखान्यात गेलो. खाटेभोवतीच्या मंडळींना बाहेर काढू लागलो, तर सासूबाईंनी हातानं थांबवलं. सुनेला ठाण्यात नेल्याचं त्यांच्या कानावर गेलं होतं. मुलगा, मुलगी, जावई, सगळ्यांसमोर त्यांनी सुरुवात केली. "गोळी म्या सोडली. तिला पोरीची आन म्याच घातली. तिचा काय गुन्हा?" धापेनं वाक्य तुटत होतं, तरी त्यांनी काहीच लपवलं नाही. नणंदेनं मान खाली घातली.

जावई समोर उभे होते. मलाच कसंतरी वाटलं. म्हणालो, "आजी, लुगड्याचं तेवढं जबाबात नको घेऊ या."

"लिहा, साहेब," त्या म्हणाल्या. "माझी लाज काय तिच्या लेकरापेक्षा मोठी हाय का?"

समोरचा माणूस गप्प बसला तर तो भीतीनं गप्प आहे की लाजेनं, हे आधी पाहावं, एवढं त्या प्रकरणानं मला शिकवलं. भीती पोलिसाला घालवता येते. लाज मात्र ज्याची त्यालाच बाजूला ठेवावी लागते, आणि त्या माउलीनं ती भरल्या वॉर्डात, सुनेसाठी, बाजूला ठेवली.