पेंडीवर वाढलेले मासे

मी आठ वर्षांचा असताना विषमज्वराने अंथरुणाला खिळलो. आईने ग्रामदेवीपुढे पदर पसरला. पोर वाचलं तर सगळ्यांत आवडीची वस्तू जन्मभर सोडीन, असं ती बोलून बसली. मी वाचलो आणि आईची मासळी सुटली. पुढे चौदा वर्षं ती आम्हाला बोंबलाचं कालवण वाढी आणि स्वतः कुळथाच्या पिठल्यावर जेवे. मला फार अपराधी वाटे. आणि तसं वाटलं की मला वाद घालायची खुमखुमी येते.

एका दिवाळीनंतर मी सावित्री नदीच्या डोहातून खवली माशांची पिल्लं घागरीत भरून आणली आणि परसातल्या बारमाही तळ्यात सोडली. महाडच्या तेल्याकडून बैलगाडीने कारळ्याची पेंड आणली. ती भिजवून, तांदळाचा कोंडा आणि उकडलेले कुळीथ कालवून गोळे वळले. पेंडीच्या वासाने आमची म्हैस दावं ओढून हंबरू लागली.

"म्हशीच्या तोंडचं काढून माशांना घालतोस व्हय रे?" शेजारी हसले.

"माझे मासे माळकरी हायत!" मी छाती फुगवून म्हणालो.

मी गोळे फार टाकतो, पाणी नासतं, म्हणून आठवड्याभरात आईनेच ते काम ओढून घेतलं. ती तांब्यावर टकटक करी की मासे काठाशी गोळा होत. हावऱ्यांना ती नावं ठेवी.

पुढच्या शिमग्यापर्यंत मासे वीतभर झाले. मग मी माझी वकिली सुरू केली. "आई, ह्यांनी जन्मभर पेंड, कोंडा नि कुळीथ खाल्ला. ही मासळी नाय, पाण्यातली भाजी हाय." तळ्यात किडे मुबलक होते, पण ते मी खुबीने गिळलं.

आई डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली. म्हणाली, "देवीलाच विचारू."

गुरवाने देवीच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या कळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर होकार. मी देवीपुढे पुन्हा सगळी पेंड, सगळा कोंडा मांडला. बराच वेळ काहीच हललं नाही. मग उजवी कळी पडली आणि मी देवळातच उडी मारली.

घरी येऊन दोन मासे धरले. आईने आमसूल घालून झकास कालवण केलं आणि मला वाढलं. तिच्या ताटात मात्र पिठलंच. मी भडकलो.

"देवीनं सोडलं ना तुला?"

"देवीनं सोडलं. मी नाय सोडलं." ती शांतपणे भाकरी मोडत होती. "रोज हे ताट वाढून घेताना मला आठवतं, माझा पोर वाचला. ते कशाला विसरू रे? काटा बघून खा."

मी काटे बघून दोन्ही मासे संपवले. संध्याकाळी गोळ्यांची परात घेऊन आम्ही दोघं तळ्यावर गेलो.