नेपाळला न गेलेला नाच्या

माझा थोरला भाऊ बाई म्हणून माझ्यापेक्षा देखणा दिसायचा. आज हे मी कौतुकाने सांगते, लग्नाआधी मात्र मला त्याचा भारी राग यायचा. नागपूर जिल्ह्यात कुहीकडच्या आमच्या गावात खडी गंमत उभी राहिली, की पेटीतलं माझं बरं लुगडं आधी त्याच्या अंगावर जायचं. खडी गंमत म्हणजे डफ-ढोलकीवर उभ्या उभ्या चालणारा आमच्याकडचा नाचगाण्याचा खेळ. त्यात बाईचं काम पुरुषच करतो, त्याला नाच्या म्हणतात. पावसाळ्यात गुडघाभर चिखलात धान रोवणारा दादा दिवाळीनंतरच्या मंडईत, म्हणजे आमच्याकडच्या जत्रेत, पदर सावरत उभा राहिला, की समोरच्या म्हाताऱ्याही आपला पदर नीट करत. या कामासाठी त्याने केस वाढवले होते. वहिनी सगळ्यांदेखत म्हणायची, "घरात तेल माह्यापेक्षा याईलेच जास्त लागते." दादा हसायचा. त्याला चिडवून चिडवून गाव थकलं होतं.

मी लग्न होऊन नागपूरला आले, त्यानंतरची ही गोष्ट, सत्तर सालाच्या पुढची. आपल्या आणि नेपाळच्या सरकारचं काहीतरी ठरलं होतं. इकडचे लोककलावंत तिकडे पाठवायचे, तिकडचे इकडे आणायचे, म्हणजे शेजाऱ्यांना एकमेकांची ओळख राहील. विदर्भातून एक पार्टी जायची होती आणि निवडीसाठी दादाच्या पार्टीला नागपूरला बोलावणं आलं. दादा आमच्याकडेच उतरला. जेवताना माझ्या नवऱ्याला विचारतो, "जवाईबापू, तिकडं थंडी किती राहते?" आमचे हे वर्धेच्या पलीकडे कधी गेलेले नाहीत, पण त्यांनी त्याला अर्धा तास थंडी समजावून सांगितली. दुसऱ्या दिवशी दादा सीताबर्डीवर जाऊन मफलर घेऊन आला.

खेळ बघायला दिल्लीचे एक साहेब आले होते. मी मागे बायकांत बसले होते. साहेब मनापासून हसले, त्यांनी टाळ्याही वाजवल्या. मग शाहिराला, म्हणजे पार्टीच्या म्होरक्याला, जवळ बोलावून म्हणाले, "पार्टी अच्छी है. लेकिन औरत का काम औरत ही करे. मर्द को साड़ी में बाहर नहीं भेज सकते, देश की इज्जत का सवाल है."

शाहिराने हात जोडून सांगून पाहिलं, की नाच्याशिवाय गंमत होत नाही. साहेब म्हणाले, "तो किसी लड़की को सिखा लो."

पार्टीतल्या कोणी परका देश पाहिला नव्हता. ते तयार झाले. मी त्यांना दोष देत नाही, असं लिहिणार होते, पण देते. नागपुरातल्या एका ऑर्केस्ट्रात गाणारी मुलगी ठरली आणि तिला शिकवायचं काम दादावर आलं. माझ्याच बैठकीच्या खोलीत त्याने तिला शिकवलं. पाऊल कसं टाकायचं, मान कुठे वळवायची, सोंगाड्याने थट्टा केली की रागवायचं किती आणि हसायचं किती. ती रोज आल्या आल्या त्याच्या पाया पडायची. पोरगी वाईट असती तर मला बरं वाटलं असतं. मी तिला चहा द्यायचे आणि मनातल्या मनात साहेबाच्या सात पिढ्या काढायचे.

पार्टी गेली. दादा स्टेशनवर सगळ्यांना सोडून आला, आणि गावी पोचल्यावर त्याने केस कापून टाकले. पार्टी परतली, पेपरात फोटो आले. पुढच्या मंडईत गावोगावचे लोक शाहिराला विचारू लागले, "नेपाळले नेली तशी बाई आना ना गा." मग बाया आल्या. दादाला कोणी वाईट बोललं नाही, फक्त कोणी बोलावलं नाही.

ठरल्याप्रमाणे नंतर नेपाळची पार्टी नागपूरला आली. आमच्या ह्यांनी ऑफिसातून पास आणले. दादा तेव्हा आमच्याकडे आला होता. तो नको नको म्हणत होता, मीच त्याला ओढून नेलं. दुसरा नाच सुरू झाला आणि घागरा, नथ, गळाभर माळा घातलेली नर्तकी पुढे आली. काय नाचली! माइकवरून सांगितलं गेलं, की ही त्यांची जुनी परंपरा आहे, या नाचात पुरुषच स्त्री होतो. पहिल्या रांगेत तेच साहेब बसले होते. उभे राहून टाळ्या वाजवत होते.

माझं डोकं भणभणलं. त्या माणसापुढे जाऊन उभं राहावं असं वाटलं, पण दादा तोवर उठून स्टेजच्या मागे गेला होता. मी धावले. तो नाचणारा तोंडावरचा रंग पुसत बसला होता, मिशी नुकती फुटावी एवढंच वय. दादाने त्याला नमस्कार केला आणि त्याच्याकडे बघतच राहिला. त्या मुलाने त्याला नेपाळीतलं 'दाइ', म्हणजे दादाच, म्हणत हिंदीत विचारलं, "दाइ, आप भी नाचते हैं क्या?"

"नहीं जी," दादा म्हणाला. "हम तो धान लगाते हैं."

बाहेर आल्याबरोबर मी त्याच्यावर तुटून पडले. "काहून खोटं बोलला गा त्याच्यापाशी?"

"खोटं कुठं बोललो वं?" तो म्हणाला. "मांगं एक दिवस घरी कोनी नव्हतं, तं दार लावून पाहिलं. हात हालतेत, पाय हालतेत. पन बाई येतच नाई आता."

मला भर रस्त्यात रडू फुटलं. आणि दादा माझ्या पाठीवर हात ठेवून नुसता उभा राहिला, कोणताही पुरुष उभा राहील तसा, काय करावं ते न कळून.