साडूंच्या हॉलमधली शोकसभा

कतारमधल्या यच्चयावत मराठी माणसांत बेसबॉलवर जीव टाकणारा एकच इसम आहे आणि तो नेमका माझा साडू निघावा, हा माझ्या पत्रिकेतलाच दोष म्हणायचा. साडू मूळचे नाशिकचे, इथे गॅस कंपनीत इंजिनिअर. वीस वर्षांपूर्वी कंपनीने त्यांना चार महिने अमेरिकेला ट्रेनिंगसाठी धाडलं. तिथे ते काय शिकले हे कंपनीला कळलं नसावं. आम्हाला मात्र पुरतं कळलं. उतारवयाला लागलेल्या एका नामांकित फलंदाजाचा खेळ त्यांनी भर पावसात प्लॅस्टिक पांघरून पाहिला आणि परत आले ते त्याच्या संघाची निळी टोपी घालूनच. ती टोपी मी त्यांच्या डोक्यावरून फक्त सत्यनारायणाच्या पूजेला उतरलेली पाहिली होती.

दर शुक्रवारी आम्ही मदिनत खलीफाला त्यांच्याकडे जेवायला जातो. तिथे वरणभाताबरोबर त्या पावसाची गोष्ट वाढली जायची. फलंदाजाने म्हणे चेंडू टोलवला, तो जेमतेम चार पावलं घरंगळला. बाद होणार हे शेंबड्या पोरालाही दिसत होतं. "तरी पळाला हो! एक्केचाळिसाव्या वर्षी, चिखलातून, जीव तोडून!" इथे साडूंचा घास हातातच राहायचा. "मग वाचला का?" असं मी पहिल्यांदा विचारलं होतं. "छे! आऊट!" आऊट झालेल्या माणसाचं इतकं कौतुक मी दुसरीकडे कुठेच ऐकलेलं नाही. एका ईदच्या सुट्टीत त्यांनी आम्हाला अल अझीझियाच्या बागेत नेऊन हा खेळ शिकवण्याचाही घाट घातला. मी चेंडू मारला आणि जन्मजात सवयीने बॅट घेऊन पळत सुटलो. "बॅट टाका! अहो, बॅट टाकून पळायचं असतं!" साडू मागून ओरडत होते. मी रीतसर बॅट टेकवून धाव पूर्ण केली. साडू पुढचे दोन शुक्रवार माझ्याशी बोलले नाहीत. फार सुखाचे शुक्रवार होते ते.

मागच्या महिन्यात तो फलंदाज वारला. साडूंनी शोकसभा बोलावली. त्यांच्या हॉलमध्ये फोटो, फोटोला चंदनाचा हार, पुढे उदबत्ती आणि टोपी. "बाबा, ही वॉजन्ट इव्हन हिंदू!" त्यांच्या लेकीने एकदा सांगून पाहिलं. बोलावणं चाळीस जणांना होतं. आले सात, तेही साबुदाणावड्यांच्या आशेने. मराठी मंडळाचे सेक्रेटरी आधी उभे राहिले. त्यांचं एकच भाषण कुठल्याही मयताला चालतं. कधी न भरून येणाऱ्या पोकळीवरून ते थेट दिवंगतांच्या फिरकी गोलंदाजीवर घसरले. मग साडू उठले. "तो..." म्हणाले आणि थांबले. पुन्हा "तो..." म्हणाले. वीस वर्षं ज्या माणसाचं तोंड बंद व्हावं म्हणून मी देव पाण्यात घालून बसलो होतो, त्याच्या तोंडून शब्द फुटेना. लोक मोबाइल चाळू लागले. एक जण घड्याळ बघून "यल्ला, निघू या" असं कुजबुजला.

मला त्या लोकांचा भयंकर संताप आला. साडूंना हसायचं तर ते मी हसेन, हे कोण टिकोजीराव? मी उठलो आणि बोलायला लागलो. पाऊस, प्लॅस्टिक, चार पावलं घरंगळलेला चेंडू, चिखल, सगळं सांगितलं. मैदानात उतरताना तो हेल्मेटला दोनदा टिचकी मारायचा, हेसुद्धा मला ठाऊक होतं.

"तीनदा," साडू डोळे पुसत म्हणाले.

त्या दिवसापासून टोपी खुंटीला आहे आणि शुक्रवारी साडू निमूट जेवतात. मला वरणभात जाईनासा झाला आहे. परवा न राहवून मी विचारलं, "साडूभाऊ, त्या दिवशी पाऊस किती होता हो?"

"तुम्हाला पाठ आहे की सगळं," ते म्हणाले आणि आमटीचं भांडं पुढे सरकवलं.

मग मीच सांगायला घेतलं. चिखलापर्यंत आलो, तेव्हा त्यांचा घास हातात थांबला होता.